स्टँडबायच्या भरवशावर

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११.४० वाजता राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार थांबले. दुसऱ्याच दिवशी महिन्याच्या वायदे करारांची मुदत संपत होती, त्यामुळे असंख्य लोकांचे सौदे अर्ध्यावर लटकले. बाजार पुन्हा उघडला तो दुपारी ३.४५ ला, आणि त्या दिवसापुरती वेळ वाढवून संध्याकाळी ५ पर्यंत चालवावा लागला. चार तासांहून अधिक काळ देशातला सर्वांत मोठा शेअर बाजार ठप्प होता. त्या संपूर्ण वेळात चेन्नईमध्ये याच बाजाराची दुसरी यंत्रणा, अशाच प्रसंगासाठी उभारलेली, अस्तित्वात होती. तिच्याकडे कारभार गेला नाही.

नेमके काय घडले? मुंबईतले मुख्य केंद्र आणि जवळचे दुय्यम केंद्र यांना जोडणाऱ्या दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या अस्थिर झाल्या. रस्त्यालगतचे खोदकाम हे त्यामागचे कारण असल्याचे बाजाराने नंतरच्या खुलाशात सांगितले. मुंबईत खोदकामाने केबल तुटणे ही अकल्पित गोष्ट नव्हे, आणि वाहिन्या दोन कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या त्या याचसाठी. खरा घात पुढे झाला. दुय्यम केंद्राशी संबंध तुटला तर मुख्य केंद्रातल्या साठवण यंत्रणेने एकटीने काम चालू ठेवायला हवे होते. ते न होता तीच सर्व्हरना मिळेनाशी झाली. जोखीम व्यवस्थापनाची प्रणाली बंद पडली, आणि तिच्याशिवाय सौदे चालवणे म्हणजे डोळे मिटून गाडी हाकणे, म्हणून बाजार थांबवावा लागला. ज्या जोडणीवर सुरक्षिततेची भिस्त होती तीच बंद पडण्याचे निमित्त ठरली.

ही घटना आम्ही आज पुन्हा उकरून काढतो आहोत ती कोणाला दोष देण्यासाठी नाही. त्या प्रसंगाने जो प्रश्न विचारला तो बँका, रुग्णालये, महापालिका, नोंदणी कार्यालये या सगळ्यांपुढे आजही तसाच उभा आहे, आणि आपण त्याचे उत्तर म्हणून एकच वाक्य ऐकत आलो आहोत: ‘आमच्याकडे स्टँडबाय आहे.’ हे उत्तर अपुरे आहे. डेटाबेसची दुसरी प्रत ठेवणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग. मुख्य डेटाबेस पडला की ती प्रत आपोआप, योग्य क्षणी, योग्य माहितीसह उभी राहणे यासाठी ज्या अटी पाळाव्या लागतात त्या वेगळ्या आहेत, महाग आहेत आणि चिकाटीच्या आहेत. त्या न पाळता ‘ऑटोमॅटिक फेलओव्हर’चा खटका चालू करून ठेवणे हे काहीच न करण्यापेक्षाही घातक आहे. आमचे हे म्हणणे कडक वाटेल, पण त्याला पुरावा आहे.

तो पुरावा २०१८ सालचा आहे. जगभरातले प्रोग्रॅमर आपला कोड ज्या गिटहबवर ठेवतात, त्या गिटहबच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केंद्रात २१ ऑक्टोबर रोजी नेटवर्कचा एक बिघडत चाललेला भाग बदलण्याचे नेहमीचे काम चालू होते. भारतात तेव्हा २२ तारखेची पहाट होती, ४ वाजून २२ मिनिटे. या कामात मुख्य डेटा सेंटरचा संपर्क तुटला, फक्त ४३ सेकंद. त्यांची मायएसक्यूएल डेटाबेस सांभाळणारी स्वयंचलित यंत्रणा तेवढ्यात कामाला लागली. मुख्य केंद्र दिसत नाही, पश्चिम किनाऱ्यावरच्या आणि क्लाउडमधल्या साथीदारांचे बहुमत झाले, तेव्हा तिने नेमून दिल्याप्रमाणे पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसना मुख्य म्हणून घोषित केले. ४३ सेकंदांनी संपर्क परत आला, पण तोवर नुकसान होऊन गेले होते. पूर्वेकडे काही सेकंद असे लिखाण झाले होते जे पश्चिमेला पोचलेच नव्हते, आणि पश्चिमेकडे आता नवे लिखाण चालू झाले होते. एकाच वहीच्या दोन प्रती, दोन्हींत वेगवेगळ्या नोंदी, आणि दोन्ही खऱ्या. परत फिरावे तर पश्चिमेच्या जवळजवळ ४० मिनिटांच्या नोंदी जातात, पुढे जावे तर पूर्वेच्या नोंदी मागे राहतात आणि पूर्वेकडच्या प्रोग्रॅमना प्रत्येक प्रश्नासाठी खंडभर प्रवास करावा लागतो. गिटहबने वेळेपेक्षा माहितीची शुद्धता मोठी मानली. त्यांचा तो निर्णय योग्यच होता. सेवा पूर्ण रुळावर यायला २४ तास ११ मिनिटे लागली. पूर्वेच्या एका गजबजलेल्या क्लस्टरमध्ये अशा मागे राहिलेल्या ९५४ नोंदी निघाल्या आणि त्या एकेक तपासून जुळवण्याचे काम नंतर चालू राहिले.

४३ सेकंदांचा खंड कोणी काही केले नसते तर बहुतेक वापरकर्त्यांच्या लक्षातही आला नसता. यंत्राने घाई केली म्हणून दिवस गेला. उलट मुंबईत माणसांना निर्णय घ्यायला वेळ लागला म्हणून चार तास गेले. या दोन टोकांच्या मधली जागा शोधणे म्हणजेच स्वयंचलित फेलओव्हरची तयारी, आणि ती जागा आपोआप सापडत नाही.

पहिली अट तिसऱ्या साक्षीदाराची. मुख्य आणि स्टँडबाय या दोघांचा संपर्क तुटला तर दोघांनाही एकच दिसते: समोरचा गप्प आहे. तो मेला आहे की मधला रस्ता खचला आहे हे दोघांपैकी कोणालाही आतून कळू शकत नाही. म्हणून तिसऱ्या कोणाचे तरी मत लागते. ओरॅकलच्या डेटा गार्डमध्ये या साक्षीदाराला ऑब्झर्व्हर म्हणतात. पोस्टग्रेसमध्ये मुळात स्वयंचलित फेलओव्हर नाहीच. पॅट्रोनीसारखे साधन आणि त्याच्या मागे ईटीसीडीचे तीन किंवा पाच नोड उभे करावे लागतात. ज्याच्या हाती ईटीसीडीतला नेतृत्वाचा हक्क आहे त्याने तो ठरावीक वेळेत, मुळात ३० सेकंदांत, नव्याने नोंदवला नाही तर त्याने स्वतःहून खुर्ची सोडायची असते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये विंडोज क्लस्टरचा कोरम आणि त्याचा विटनेस हेच काम करतात. नावे निराळी, तत्त्व एक.

हा साक्षीदार तिसऱ्या जागी असायला हवा. मुख्य डेटाबेस ज्या इमारतीत आहे तिथेच ऑब्झर्व्हर ठेवला, तर इमारतीची वीज गेली की वादी आणि साक्षीदार एकदमच नाहीसे होतात आणि फेलओव्हर होतच नाही. स्टँडबायशेजारी ठेवला तर मधली केबल तुटताच स्टँडबाय आणि ऑब्झर्व्हर मिळून धडधाकट मुख्य डेटाबेसला मृत ठरवतात. आपल्याकडच्या अनेक मांडण्यांमध्ये तिसरी जागा नसते, कारण निविदेत दोनच डेटा सेंटर असतात. मग ऑब्झर्व्हर एखाद्या डीबीएच्या, म्हणजे डेटाबेस प्रशासकाच्या, टेबलावरच्या मशीनवर किंवा मुख्य केंद्रातल्याच एखाद्या रिकाम्या व्हर्च्युअल मशीनवर बसवला जातो. ती मशीन कधीतरी पॅचसाठी रीस्टार्ट होते, ऑब्झर्व्हर पुन्हा सुरू करायचे राहून जाते, आणि डेटा गार्डच्या ब्रोकर या व्यवस्थापन साधनाच्या स्थितिदर्शक पडद्यावर ‘फास्ट-स्टार्ट फेलओव्हर: चालू’ या ओळीखाली एक इशारा उमटतो, ओआरए-१६८१९, म्हणजे ऑब्झर्व्हर सुरू नाही. वरची ओळ वाचून अहवाल लिहिला जातो. खालची ओळ वाचणारा कोणी नसतो.

दुसरी अट अंतराची, आणि इथे भौतिकशास्त्र कोणाचे ऐकत नाही. एकही नोंद गमवायची नसेल तर प्रत्येक व्यवहार स्टँडबायपर्यंत पोचल्याची पावती येईपर्यंत मुख्य डेटाबेसने ग्राहकाला ‘झाले’ म्हणता कामा नये. यालाच सिंक म्हणतात. काचतंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई हवाई अंतर हजार किलोमीटरच्या वर. जाऊन यायला किमान १० मिलिसेकंद, आणि केबल कधीच सरळ रेषेत जात नाही म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. १० मिलिसेकंद ऐकायला काहीच नाहीत. पण दिवसअखेरीस व्याज जमा करणारा एखादा जॉब दहा लाख खाती एकामागून एक कमिट करत असेल, तर नुसत्या वाट पाहण्यात पावणेतीन तास जातात. म्हणून दूरच्या केंद्राला बहुधा असिंक पद्धतीने, म्हणजे थोडे मागून, माहिती पाठवली जाते. मागून म्हणजे किती मागून, आणि फेलओव्हरच्या क्षणी तेवढी माहिती बुडाली तर चालेल का, हा प्रश्न आकड्यांत सोडवावा लागतो. ओरॅकलमध्ये त्याला लॅगची, म्हणजे मागे पडण्याची, मर्यादा असते, काही न बदलल्यास ३० सेकंद. पॅट्रोनीत काही न बदलल्यास १ एमबी. स्टँडबाय त्याहून मागे असेल तर यंत्रणा त्याला मुख्य करायला नकार देते, आणि ते योग्यच आहे.

पण ३० सेकंदांची माहिती बुडाली तर चालेल हे कोणी ठरवले? बहुतेक ठिकाणी कोणीच नाही. सॉफ्टवेअर बसवताना जो आकडा आधीपासून होता तोच राहिला. ३० सेकंदांत किती ग्राहकांचे पैसे खात्यातून निघून समोर पोचलेले नसतील, किती दस्तांना क्रमांक मिळून ते डेटाबेसमध्ये नसतील, किती रुग्णांच्या औषधाची मात्रा बदललेली असेल आणि नोंद जुनीच दिसेल, हा प्रश्न डीबीएचा नाही. तो संचालक मंडळाचा आहे, आयुक्तांचा आहे, रुग्णालयाच्या विश्वस्तांचा आहे. त्यांनी त्या आकड्याखाली सही केली पाहिजे. ज्यांना शून्य नोंद गमवायची आहे त्यांनी जवळ एक आणि दूर एक अशी दोन केंद्रे उभारण्याचा खर्च मान्य केला पाहिजे. शून्य हानी, दूरचे केंद्र आणि कमी खर्च या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, हे त्यांना कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

तिसरी अट जुन्या मुख्याची. नवा मुख्य उभा राहण्याआधी जुना खरोखर थांबला आहे याची खात्री हवी. नसता दोघेही लिहीत राहतात आणि गिटहबसारखी दोन प्रतींची गत होते. क्लस्टरच्या भाषेत याला फेन्सिंग म्हणतात: गरज पडली तर जुन्या सर्व्हरची वीजच तोडायची. ओरॅकलच्या मांडणीत ऑब्झर्व्हर आणि स्टँडबाय या दोघांशीही संपर्क तुटलेला मुख्य डेटाबेस स्वतःहून व्यवहार थांबवतो, कारण पलीकडे त्याच्या माघारी दुसरा मुख्य झाला असण्याची शक्यता असते. हे वर्तन पाहून अनेक व्यवस्थापक चिडतात, ‘चालू असलेला डेटाबेस का थांबवला?’ असा जाब विचारतात, आणि मग ही सुरक्षितता बंद करायला लावतात. तो सर्वांत महाग हुकूम ठरू शकतो. बाद झालेल्या जुन्या मुख्याला पुन्हा स्टँडबाय म्हणून रांगेत आणायचे तर दोन्हीकडे फ्लॅशबॅक, म्हणजे डेटाबेस मागच्या क्षणाला नेण्याची सोय, चालू हवी आणि त्यासाठी डिस्कची जागा हवी. पोस्टग्रेसमध्ये पीजी-रिवाइंडची पूर्वतयारी हवी. जागा वाचवण्यासाठी हे बंद ठेवले, तर फेलओव्हर एकदाच होतो आणि त्यानंतर कित्येक तास, मोठा डेटाबेस असेल तर दिवस, संस्था एकाच पायावर उभी असते.

बाकीच्या अटी लहान आहेत, पण घात त्यांच्यातच होतो. ओरॅकलमध्ये स्टँडबाय रीडो लॉग, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या फाइल, मुख्याच्या मापाचे आणि एका गटाने जास्त हवेत. फोर्स लॉगिंग हवे, नाहीतर नोलॉगिंगने, म्हणजे लॉगमध्ये नोंद न करता, भरलेला डेटा पलीकडे पोचतच नाही आणि फेलओव्हरनंतर त्या तक्त्यांचे ब्लॉक निकामी निघतात. पासवर्ड फाइल सारखी हवी. लिसनरमध्ये ब्रोकरसाठीची स्थिर नोंद हवी. स्टँडबायचे हार्डवेअर मुख्याच्या तोडीचे हवे. निम्म्या क्षमतेचे यंत्र सोमवारी सकाळी १० वाजता पूर्ण भार घेऊ शकत नाही. गिटहबनेच सप्टेंबर २०१२ मध्ये हा धडा घेतला होता. तपासणी यंत्रणेने भाराखाली असलेल्या मुख्य डेटाबेसला आजारी समजून दुसऱ्याकडे कारभार सोपवला, त्या दुसऱ्याची स्मृती अजून थंड होती, त्यालाही भार पेलवेना, आणि यंत्रणेने कारभार पुन्हा पहिल्याकडे फेकला.

आणि ॲप्लिकेशन. डेटाबेस अर्ध्या मिनिटात दुसरीकडे गेला, पण शंभर प्रोग्रॅम जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत राहिले तर ग्राहकाच्या दृष्टीने सर्व्हर डाऊनच आहे. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये दोन्ही पत्ते आहेत का? जावाचा प्रोग्रॅम एकदा शोधलेला पत्ता किती वेळ धरून ठेवतो? नव्या केंद्राच्या फायरवॉलमध्ये पेमेंट गेटवेचा, आधार पडताळणीचा, एसएमएसचा रस्ता उघडलेला आहे का? रात्रीचे जॉब तिकडे चालतील का, की इकडेही आणि तिकडेही दोनदा चालतील? ही यादी डेटाबेसच्या माणसाच्या हातात नसते. नेटवर्कचा एक कंत्राटदार, ॲप्लिकेशनचा दुसरा, डेटा सेंटरचा तिसरा, आणि प्रत्येकजण आपल्या कुंपणाच्या आत बरोबर असतो.

आता आपल्या राज्याकडे पाहू. सातबारा ऑनलाइन झाला, दस्तनोंदणी संगणकावर आली, रेशनचे धान्य ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटल्याशिवाय मिळत नाही. ही प्रगती आम्हाला मनापासून मोलाची वाटते. पण त्यामुळे ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द दुय्यम निबंधकाच्या कार्यालयापासून गावातल्या रास्त भाव दुकानापर्यंत रोजच्या बोलण्यात आले आहेत. दस्तासाठी साक्षीदार, वकील, सुट्टी काढून आलेला मुलगा आणि व्हीलचेअरवरून आणलेली आजी असे सगळे एका दिवशी जमवणे काय असते हे ज्याने घर घेतले आहे त्याला माहीत आहे. सर्व्हर तासभर पडला तर त्या कुटुंबाचा दिवस जातो, मजुरी जाते. रेशनसाठी पाच किलोमीटर चालत आलेली बाई रिकाम्या पिशवीने परत जाते. या थांबण्याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात धरला जात नाही.

भूगोल तर आणखी काळजीचा आहे. मुंबईतल्या अनेक संस्थांनी मुख्य केंद्र मुंबईत आणि स्टँडबाय नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे पट्ट्यात ठेवले आहे. सिंकसाठी हे अंतर सोयीचे, यात शंका नाही. पण १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी वीजजाळे कोलमडले तेव्हा मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई तिन्ही शहरे एकदमच अंधारात गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा खाडीच्या अलीकडे आणि पलीकडे जाणारे रस्ते सारखेच बुडाले होते. एका वीजजाळ्यावरची, एका पावसाच्या टापूतली दोन केंद्रे ही आपत्तीच्या दृष्टीने एकच जागा आहे. जनरेटर चालतील, पण डिझेलचा टँकर कोणत्या पुलावरून येणार आणि रात्रपाळीचा डीबीए कोणत्या लोकलने पोचणार?

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावरून ती वर चढली, माणसे दगावली, आणि फायलींचे ढीग जळाले ज्यांची दुसरी प्रत नव्हती. कागद सोडून संगणकाकडे वळण्याचा आग्रह त्यानंतर वाढला आणि तो रास्त होता. पण संगणकावरची एकच प्रतही तशीच जळते, हे दक्षिण कोरियाने नुकतेच अनुभवले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम-आयन बॅटऱ्यांना आग लागली. ७०९ सरकारी प्रणाली बंद पडल्या. सरकारी कर्मचारी आपली कामाची कागदपत्रे ज्यात ठेवत त्या जी-ड्राइव्हमधला ८५८ टेराबाइट मजकूर कायमचा गेला, कारण आकार फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. जगातल्या सर्वांत संगणकसाक्षर देशांपैकी एकाची ही अवस्था. त्याच्या तीनच वर्षे आधी, १५ ऑक्टोबर २०२२ रोजी, त्याच देशात पांग्यो इथल्या डेटा सेंटरमध्ये अशाच बॅटऱ्या पेटून काकाओटॉक ही संदेशसेवा कोलमडली होती आणि पूर्ण सावरायला १२७ तासांहून अधिक वेळ लागला होता. सरकारने त्यानंतर खासगी कंपन्यांसाठी कायदा कडक केला. स्वतःच्या घरात तीच कडक तपासणी झाली नाही.

इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. स्टँडबाय म्हणजे बॅकअप नव्हे. मुख्य डेटाबेसमधली चूक स्टँडबायकडेही तितक्याच तत्परतेने पोचते. एखादा तक्ता चुकून पुसला तर काही क्षणांत तो दोन्हीकडे पुसलेला असतो. गिटलॅबमध्ये ३१ जानेवारी २०१७ रोजी मागे पडलेला दुय्यम डेटाबेस पुन्हा जुळवताना एका अभियंत्याने मुख्य सर्व्हरवरची माहिती पुसली. ३०० जीबीच्या आसपास होती, हात थांबला तेव्हा साडेचार जीबी उरली. रोजचा बॅकअप शोधायला गेले तर तो जुन्या आवृत्तीच्या साधनामुळे होतच नव्हता, आणि तो होत नसल्याच्या ई-मेल कोणापर्यंत पोचत नव्हत्या. योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत हाती लागली म्हणून बाकीचे वाचले. त्यांनी हे सगळे जगापुढे मांडले, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. आपल्याकडच्या किती संस्था आपल्या बिघाडाचा असा खुलासा करतात?

नियामक हात बांधून बसलेत असे नाही. २०२१ च्या त्या घटनेनंतर महिन्याभरात सेबीने शेअर बाजारांसाठी घड्याळ लावून दिले: महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यापासून ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची, त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून काम सुरू करायचे, आणि गमावलेली माहिती १५ मिनिटांपेक्षा जास्त नसावी. त्यातून पुढे जे घडले ते आम्हाला आदर्श वाटते. २ मार्च २०२४ या शनिवारी बाजार मुद्दाम उघडले. सकाळी एक सत्र मुख्य केंद्रातून झाले आणि ११.३० चे दुसरे सत्र पर्यायी केंद्रातून, खऱ्या सौद्यांसह, खऱ्या पैशांसह. मे महिन्यात पुन्हा तसेच झाले. तयारी अशी दाखवायची असते.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने आपली ताकद आधीच दाखवली होती. २१ नोव्हेंबर २०२० रोजी मुख्य डेटा सेंटरमधली वीज जाऊन एचडीएफसी बँकेची इंटरनेट बँकिंग आणि पेमेंट सेवा बंद पडली, तेव्हा देशातल्या या सर्वांत मोठ्या खासगी बँकेला नवी डिजिटल उत्पादने आणणे आणि नवी क्रेडिट कार्डे देणे थांबवायला सांगण्यात आले. पूर्ण निर्बंध उठायला मार्च २०२२ उजाडले. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशात तर महत्त्वाच्या प्रणालींची सहा महिन्यांतून एकदा तरी कसोटी घ्यायची आणि पर्यायी केंद्रातून किमान एक पूर्ण कामाचा दिवस, सुरुवातीपासून दिवसअखेरपर्यंत, कारभार चालवून दाखवायचा, असे स्पष्ट म्हटले आहे.

नियम चांगला आहे. चिंता आहे ती तो पाळण्याच्या रीतीची. डीआर ड्रिल, म्हणजे आपत्तीची रंगीत तालीम, रविवारी पहाटे ठेवतात. आठवडाभर आधी सगळ्यांना कळवलेले असते. डीबीए दोन्हीकडे बसून, एकेक कमांड हाताने देत, शांतपणे स्विचओव्हर करतात, दोन-चार चाचणी व्यवहार करून स्क्रीनशॉट घेतात आणि दुपारपर्यंत सगळे परत आणतात. ठरवून केलेला स्विचओव्हर आणि अचानक झालेला फेलओव्हर यांत फरक आहे: पहिल्यात मुख्य डेटाबेस जिवंत असतो, शेवटची नोंद पलीकडे देऊन मगच तो बाजूला होतो. दुसऱ्यात तो काही न सांगता जातो. पहिल्याची शंभर प्रमाणपत्रे दुसऱ्याबद्दल काहीच सांगत नाहीत. ऑब्झर्व्हरने स्वतः निर्णय घेतला का, लॅग किती होता, ॲप्लिकेशन हात न लावता जोडले गेले का, हे तपासायचे तर मुख्य सर्व्हर खरोखर तोडावा लागतो. ज्यांना लगेच ते धाडस नाही त्यांच्यासाठी ओरॅकलने १९सी आवृत्तीपासून नुसते निरीक्षण करणारा मोड दिला आहे. त्यात ऑब्झर्व्हर फेलओव्हर करत नाही, पण केला असता की नाही याची नोंद ठेवतो. काही महिने तो चालवला तरी खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण कळते आणि मुख्य डेटाबेसला मृत ठरवण्याआधी वाट पाहण्याचा ३० सेकंदांचा उंबरठा आपल्या नेटवर्कला पुरेसा आहे की नाही ते दिसते. याला जादा पैसे लागत नाहीत, लक्ष लागते.

सर्वांत बिकट स्थिती छोट्या नागरी सहकारी बँकांची आहे. महाराष्ट्रात त्यांचे जाळे दाट आहे, आणि त्यांची कोअर बँकिंग प्रणाली बहुधा बाहेरच्या सेवादारावर चालते. जुलै २०२४ च्या अखेरीस अशा एका सेवादारावर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्यावर त्याची जोडणी राष्ट्रीय पेमेंट व्यवस्थेपासून तोडावी लागली आणि देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. या बँकांचे संचालक म्हणजे गावातले डॉक्टर, व्यापारी, निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडून ऑब्झर्व्हर आणि लॅगचे ज्ञान अपेक्षित नाही. पण सेवादाराला तीन प्रश्न ते नक्की विचारू शकतात: तुमचा साक्षीदार कोणत्या शहरात आहे, आमची किती सेकंदांची माहिती बुडू शकते, आणि मुख्य सर्व्हर न कळवता तोडून तुम्ही शेवटचे कधी पाहिले? तारीख आणि मिनिटे लेखी मागावीत. मिळाली नाहीत तर कराराचे नूतनीकरण थांबवावे.

राज्य शासनाकडे आमची मागणी याहून ठोस आहे. नोंदणी, भूमी अभिलेख, रेशन आणि सार्वजनिक रुग्णालये या चार प्रणालींच्या पुढच्या निविदांमध्ये दोनऐवजी तीन जागा लिहाव्यात: मुख्य, पर्यायी आणि साक्षीदाराची. पर्यायी केंद्र मुंबई महानगराच्या वीजजाळ्याबाहेर असावे. मान्य हानीचा आकडा सचिवांच्या सहीने करारात यावा. वर्षातून दोनदा, कामाच्या दिवशी, कंत्राटदाराला वेळ न सांगता मुख्य केंद्र तोडले जावे आणि किती मिनिटांत कारभार उभा राहिला, किती नोंदी मागे राहिल्या हे त्या विभागाच्या संकेतस्थळावर आठवड्याच्या आत प्रसिद्ध व्हावे, निकाल वाईट आला तरी. पहिल्या खेपेला तो बहुधा वाईटच येईल, आणि त्यासाठी कोणाची बदली होऊ नये. ही पहिली कसोटी येत्या पावसाळ्याआधी, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात घ्यावी, आणि तिची तारीख ठरवण्याचे काम माहिती तंत्रज्ञान विभागाने या महिन्यात हाती घ्यावे.